लाल नकाशातली निळी बाजू

परवा इथल्या भारतीय दुकानातून आणलेल्या तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडल्या आणि त्या वासासरशी धामणगाव बढ्यातलं आमचं अंगण समोर आलं. त्या संध्याकाळनंतर दुसऱ्याच दिवशी मी शिकायला परदेशी निघणार होते. ऊन उतरलं होतं, बाबा शिलाई मशीन बंद करून शेंगा सोलत बसले होते आणि मी त्यांना लॅपटॉपवर आपल्या आकाशगंगेसारख्या दूरच्या एका दीर्घिकेचा नकाशा दाखवत होते, अर्धा निळा, अर्धा लाल. "हे निळं काऊन?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, दीर्घिका फिरते. तिच्या जागोजागच्या प्रकाशातल्या रेषा लाल रंगाकडे किती सरकल्या ते मोजलं, की कुठली कड किती वेगानं जाते ते कळतं. "म्हंजे निळी बाजू आपल्याकडे येऊन राह्यली?" बाबा खुलले. "नाई बाबा, सारीच दूर जाऊन राह्यली. ती बाजू जरा हळू जाते, एवढंच." अख्ख्या दीर्घिकेचं दूर जाणं आम्ही आधी वजा करतो, म्हणून ती हळू जाणारी बाजू निळी दिसते, असंही मी उत्साहानं सांगितलं. बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मंग तुयं सुट्टीत घरी येणंबी तसंच समजू काय, माय?" मी हसून लॅपटॉप मिटला. बाबा गेले तेव्हा मी इथेच होते. ती वजाबाकी मी आजही रोज करते, पण करण्याआधी जरा थांबते आणि अजून सगळाच लाल असलेल्या त्या नकाशात कुठली कड सगळ्यात कमी लाल आहे, ते शोधत बसते.