डेलाचा रंग

मशीनमधून निघालेला पहिला कागद इव्हॉननं टेबलावर पसरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही कोण?"

आमचा प्लँट मॅनेजर ब्रायन हसला. "युअर गर्ल. डेला."

"नाही," ती शांतपणे म्हणाली. "ही डेला नाही."

2017च्या सुमाराची गोष्ट. ब्रॅम्पटनच्या एका छापखान्यात मी प्रीप्रेसचा प्रमुख होतो. प्रीप्रेस म्हणजे छपाईच्या आधीचं काम. ग्राहकाची फाइल तपासायची, रंग शाईच्या हिशेबात बसवायचे, प्लेट्स बनवायच्या. पुण्यात छपाई शिकलेला माणूस कॅनडात येऊनही छपाईच करतो, हे इथल्या मराठी मंडळातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना कधी पटलं नाही.

इव्हॉन व्हिटबीच्या एका शाळेत शिक्षिका होती. आई-वडील जमैकाहून आलेले. मुलांसाठी तिनं पहिलीच कादंबरी लिहिली होती, चित्रंही स्वतःच काढली होती. नायिका डेला, बारा वर्षांची काळी मुलगी, बंदरातून चोरीला गेलेल्या बोटी शोधून काढते.

"यात गुलामगिरी नाही, गोळीबार नाही, कुणी मरत नाही," पहिल्या भेटीत ती मला म्हणाली होती. "माझ्या वर्गातल्या काळ्या मुलींना नेहमी रडायचीच पुस्तकं मिळतात. त्यांना बोटी शोधू देत की."

कव्हरवर डेला दुर्बीण घेऊन धक्क्यावर बसलेली. रंग गडद तपकिरी. इव्हॉननं भाचीला समोर बसवून ते चित्र काढलं होतं, आणि शनिवारी शाळेत प्रकाशनाला ती भाचीही येणार होती.

आमच्याकडे आधी प्रूफ काढतात, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल त्याचा नमुना. ग्राहक त्यावर सही करतो. छपाईच्या दिवशी तो मशीनशेजारी उभा राहतो, पहिला कागद त्या प्रूफशी ताडून बघतो आणि मगच काम पुढे जातं. इव्हॉनची सही असलेलं प्रूफ मी कागदाशेजारी ठेवलं. कागदावरची मुलगी चांगलीच उजळ होती. दिसत होती गोड, पण ती दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी होती.

"कागद शाई पितो, थोडा फरक पडणारच," ब्रायन म्हणाला. "ऑनेस्टली, इट लुक्स ग्रेट." मागे मशीन थांबलेलं, पुढचं काम रांगेत. त्याला फक्त होकार हवा होता.

मी भिंग लावलं. छापील रंग म्हणजे चार शायांचे बारीक ठिपके: निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. मशीनवर शाई कमी पडली असती, तर सगळंच फिकं झालं असतं. पण धक्क्याच्या लाकडात आणि डेलाच्या केसांत काळे ठिपके जागच्या जागी होते. विरळ झाले होते ते फक्त चेहऱ्यावर आणि हातांवर.

"कागद इतका निवडून शाई पीत नाही," मी ब्रायनला म्हणालो आणि हरजीतला बोलावलं. प्रूफवर सही झाल्यावर प्लेट्स त्यानं बनवल्या होत्या. इथे येण्याआधी लुधियान्यात तो लग्नाचे अल्बम करायचा.

"हां जी, मैंने किया," तो सरळ म्हणाला. "डार्क था, देवधरजी. छपके चेहरा भर जाता. थोड़ा साफ कर दिया. मॅडम खुश हो जाएगी."

त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. गडद रंगात शाई पसरते आणि नाकडोळे बुजतात. त्यावर उपाय असा, की काळी शाई थोडी काढायची आणि तेवढाच गडदपणा बाकीच्या तीन शायांनी भरून द्यायचा. हरजीतनं काढलं, भरलं नाही. लग्नाच्या अल्बममध्ये कुणी भरायला सांगत नाही. मला त्याचा राग आला. मग माझ्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम, त्यातली तिची उजळवलेली छबी आठवली आणि तो राग फार टिकला नाही.

तो काय म्हणाला ते इव्हॉननं विचारलं. मी जसंच्या तसं सांगितलं. ती हरजीतकडे वळली.

"तुम्हाला मुलगी आहे?"

"येस मॅडम. सिमरन. सिक्स्टीन."

"तिचा फोटो असता तर?"

प्रश्नातली धार त्याला कळलीच नाही. "सेम, मॅडम. ऑलवेज. एव्हरी फोटो आय डू," तो कौतुकानं म्हणाला.

इव्हॉन भांडायच्या तयारीनं उभी होती. ते ऐकून ती स्टुलावर बसली. "तिला आवडतं ते?"

हरजीत गोंधळला. "आय नेव्हर आस्क."

ब्रायननं घड्याळाकडे पाहिलं. "सो, आर वी रनिंग ऑर नॉट?"

"सही या प्रूफवर आहे," मी म्हणालो. "कागद त्याच्याशी जुळत नाही. प्लेट्स नव्या."

तो पुटपुटत निघून गेला, पण सही त्यालाही वाचता येत होती.

ग्राहकाची मूळ फाइल सर्व्हरवर वेगळी ठेवायची आणि काम कॉपीवर करायचं, हा आमचा नियम. त्यामुळे खरी डेला शाबूत होती. हरजीतला शेजारी बसवून मी दुरुस्ती केली. इव्हॉन मागून सांगत होती, "अजून थोडा लाल. उन्हात बसलीय ती." दुपारी नवा कागद आला. तो घेऊन ती माल चढवायच्या दारापाशी, उजेडात गेली. "हाय, डेला," म्हणाली आणि सही केली. शनिवारी पुस्तकं वेळेवर पोचली.

ग्राहकाला विचारल्याशिवाय चेहऱ्याला हात लावायचा नाही, अशी सूचना मी भिंतीवर लावली. ती कुणी वाचल्याचं आठवत नाही.

पुढच्या आठवड्यात हरजीत माझ्या टेबलाशी आला. पुस्तकाची एक प्रत त्यानं घरी नेली होती.

"देवधरजी, ओरिजिनल वापस आ सकता है क्या?"

"कौन सा जॉब?"

"जॉब नहीं. सिमरन के फोटो. कवर देखकर बोली, पापा, शो मी माइन. बचपन से जैसी थी, वैसी."

घरी ना सर्व्हर, ना नियम. प्रत्येक फोटो उजळ करून त्यानं मूळ फोटोवरच सेव्ह केला होता. त्याची हार्ड डिस्क मी मागून घेतली आणि कानाकोपरा धुंडाळला. एकही मूळ फोटो मिळाला नाही.

काम नेहमी कॉपीवर करावं.