आब्ला आबा आणि बार्शीचे तिकीट

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच सांगते, माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, आणि अक्षर तर अंगणात कोंबड्या नाचून गेल्यासारखे. हसू आले तर हसा. पण मेंढ्यांशी सातासमुद्रापलीकडच्या भाषेत बोलणारा माणूस मी पाहिला आहे, ते लिहिल्यावाचून राहवत नाही!

सुगी उरकली की धनगर आबा आमच्या नांदूरघाटच्या रानात मेंढ्या बसवायला आणत. रानाला खत मिळे, सासरे त्यांना ज्वारी देत. कळप पांगला की आबा हाळी देत, "बामोस! बामोस!" म्हणजे चला, चला! आणि सगळ्या मेंढ्या माना वळवून निघत. कुणी माणूस गप्प दिसला की त्याला म्हणत, "आब्ला!" म्हणजे बोल की! त्यावरून गावाने त्यांचे नाव आब्ला आबा पाडले.

तरुणपणी ते मोमिनाबादच्या छावणीत घोड्यांच्या चाकरीला होते. एका साहेबाचे घोडे घेऊन जहाजात चढले ते थेट आर्जेंटिनाला उतरले. तिकडे मेंढ्याच मेंढ्या, आणि बोली स्पॅनिश. तिकडेच लग्न केले, रोसा नावाची मुलगी झाली, बायको वारली. इकडे आई अंथरुणाला खिळली म्हणून मुलीला मावशीकडे ठेवून भेटीला आले, तोच मोठी लढाई पेटली आणि जहाजे बंद झाली. पुढे भाड्याला पैसा नव्हता. रोसा तिकडे मोठी झाली, तिचे लग्न झाले.

एके दिवशी रोसाचे पत्र आले. आबांनी ते बोट फिरवत वाचले आणि माझ्याकडे आले. त्यांना वाचता येई, पण उजव्या हाताची तीन बोटे तिकडच्या बर्फात गेली होती, टाक धरता येत नसे. म्हणाले, "पोरी, लेक इचारती, 'बिबिरीआस कोनमीगो?' माझ्यासंगं राहशील का? जावई भाडं भरतो म्हनतो. पन आवंदा लोकर कातरून झाली की ती लांब दुसऱ्या मळ्यावर जानार. त्याच्या आत जबाब पोचला न्हाई, तर मंग पत्ता न्हाई अन् लेक बी न्हाई. जबाब तू लिहून देशील?"

मी मानेनेच हो म्हटले. सासऱ्यांपुढे तर मी चार वर्षांत शब्द काढला नव्हता. भाकरी हवी का हे बांगड्या वाजवून विचारायची!

मग आमची शाळा भरली, गोठ्याच्या सावलीत. आबा डाव्या हाताने काठी धरून मातीत अक्षरे ओढत, मी ती पाटीवर उतरवी. आबांचे म्हणणे, जबाब नुसता सांगून लिहायचा नाही, समजून लिहायचा. "राहीन म्हनलं तर हुकूम झाला. 'राहिलो असतो, तुझी मर्जी आसंल तर,' असं म्हनायचं. त्याला शेपूट हाय, ईआ!" मूळ शब्द आहे तसा ठेवायचा आणि मागे शेपूट लावायचे. बिबीर म्हणजे राहणे, बिबिरीआ. कोमेर म्हणजे खाणे, कोमेरीआ. आब्लार म्हणजे बोलणे, आब्लारीआ. "पांढरी मेंढी, काळी मेंढी, कबरी मेंढी, शेपूट येकच!" मी बिबिरीआ, तू बिबिरीआस, आम्ही बिबिरीआमोस, ते सगळे बिबिरीआन. मला इतका आनंद झाला, की जात्यावर दळताना तेच म्हणत होते!

आब्लारीआच्या आधी एक अक्षर लिहायचे, पण बोलायचे नाही. मी विचारले, कावून? आबा म्हणाले, "ती घरातली सून हाय. हाय समदीकडं, पन आवाज न्हाई." माझ्याकडे बघून खदखदा हसले.

एकदा म्हणाले, "आता 'एल'चं रूप सांग. एल म्हंजी तो." मी पदर तोंडावर ओढला. आमच्यात तो किंवा ते म्हटले की एकच माणूस! आबा म्हणाले, "अगं, तुझ्या मालकाचं नाव घे म्हनलं का मी? एल म्हंजी आपला एडका समज!" मग मी म्हटले, "एडका कोमेरीआ." नेमके मागे हे उभे. पुढे आठवडाभर ह्यांना ताट वाढताना मला हसू आवरेना.

शेवटी पत्र तयार झाले. तुझ्याकडे राहिलो असतो, तुझी भाकरी खाल्ली असती, तुझ्या लेकराशी बोललो असतो, तुझी मर्जी आसंल तर. टपालात टाकले आणि बावीस दिवसांनी तेच पत्र परत आले! वर लाल शाईत उर्दू खरडलेले. सासऱ्यांनी वाचले, "निजामाचं तिकीट निजामाच्या मुलखातच चालतं. बाहेर न्हाई."

ओट्यावरचा एकजण हसला, "आरं आबा, मेंढ्यांस्नीच पत्र धाड आता!"

आबा हसले नाहीत. कागद छातीशी धरून म्हणाले, "कातरणीला महिना-दोन महिने ऱ्हायले. जाऊ द्या. समदं 'असतं'च ऱ्हायलं."

मी दाराआड होते. कसे झाले कळत नाही, पण मीच बोलले. "मामंजी, पत्र कापसाच्या गाडीतून बार्शीला गेलं असतं, तर पोचलं असतं. बार्शी इंग्रजी मुलखात हाय. तिथलं तिकीट चाललं असतं."

सासऱ्यांनी वळून पाहिले. मग ह्यांना म्हणाले, "ऐकलं का? उद्या गाडी जुपा."

इंग्रजी तिकिटाला कलदार, म्हणजे इंग्रजी नाणे लागते. माहेरचा एक कलदार रुपया माझ्या डबीत होता, तो दिला. आबा म्हणाले, "पागारीआ. फेडला असता..."

मी म्हटले, "आबा, इथं शेपूट नको. फेडीन म्हणा!" ओट्यावर सगळे हसले, आबाही.

जबाब आला. भाडे आले. आबांनी मेंढ्या पुतण्याला दिल्या आणि निघाले. गाडीत चढताना माझ्या हातात हाली, म्हणजे निजामाचा रुपया ठेवला. "कलदार घेतलता, हाली देतो. हाली कमी भावाचा, वरचा वट्टा ऱ्हायला, पोरी. ऱ्हाऊ दे, त्या निमतानं आठवन ऱ्हाईल." गाडी वळेपर्यंत त्यांच्या मेंढ्या ओरडत होत्या. मी मोठ्याने म्हटले, "बामोस!" आणि त्या माझ्याकडे वळल्या!

दोन वर्षांनी एक पाकीट आले. आत लोकरीच्या चिंधीत शिवलेले एक नाणे, त्यावर कुणा बाईचे तोंड. सराफ म्हणाला, "हे हितं कुठंच चालत न्हाई." मी हिसकावूनच घेतले. कागदावर डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरे होती, माझ्याहूनही वाईट! वर 'बिबो' एवढाच शब्द. बिबो म्हणजे राहतो. शेपूट गेले होते. खाली लिहिले होते, वट्टा.

नाणे डबीत ठेवले. रुपया पुरता फिटला.