मार्लिसबाईंचे एकवीस दिवस

अमेरिकेतल्या डी मॉइन शहरात सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, अगदी मॅनेजरलासुद्धा. पण एकोणसाठ वर्षांच्या बाईला नुसतं मार्लिस म्हणायला माझी जीभ वळायची नाही. म्हणून तोंडाने मार्लिस आणि मनात मार्लिसबाई, असं मी आठ आठवडे निभावलं.

त्यांचं आडनाव हुक्स्ट्रा. बाई उंच आणि हाडापेराने मोठ्या, खुर्चीच्या पाठीला बारा महिने एक करडा स्वेटर, कानामागे पेन्सिल. १९७८च्या ऑक्टोबरात त्या इथल्या एका विमा कंपनीत लागल्या आणि तिथल्याच झाल्या. कंपनीतल्या माणसांच्या नोकरीची वर्षं मोजून कुणाला निवृत्तीनंतर काय मिळायचं ते ठरवणारा प्रोग्राम त्यांच्या हातचा होता. त्र्याण्णव साली महापूर आला, कचेऱ्या बंद पडल्या, तेव्हा ते दिवस कामाचे धरायचे की नाही यावर वरच्या लोकांनी घोळ घातला. बाई अडून बसल्या. पूर काही माणसांनी आणला नाही, दिवस धरायचेच, असं म्हणून त्यांनी तो नियम प्रोग्राममध्ये घातला.

२००८ सालच्या उन्हाळ्यात कंपनीने जाहीर केलं की हे सगळं काम पुण्याला जाणार. जो थांबून पुण्याच्या माणसाला शिकवेल त्याला निरोपाचे पैसे, जो रागाने उठून जाईल त्याला काही नाही. ते काम घेतलेल्या पुण्याच्या कंपनीने व्हिसा काढून पाठवलेला तो माणूस मी.

वर्तमानपत्रात तेव्हा रोज पत्रं यायची. एकाचं म्हणणं, ही माणसं स्वस्तात येऊन आमच्या चुली विझवतात. दुसऱ्याचं म्हणणं, इथे शिकलेली माणसं मिळत नाहीत म्हणून ती आणावी लागतात. मार्लिसबाई शिकलेल्या होत्या आणि मी स्वस्त होतो, पण आम्हा दोघांना कुणी काही विचारलं नाही.

बाईंना एकच गोष्ट हवी होती. नोकरीला तीस वर्षं पूर्ण झाली की निवृत्तीनंतरही कंपनीचा आरोग्य विमा चालू राहायचा. बाईंना चार वर्षांपूर्वी कर्करोग होऊन गेला होता, आणि असा रोग होऊन गेलेल्या माणसाला तेव्हा दुसरी विमा कंपनी दारातही उभं करत नसे. नवरा वारलेला, मूल नाही. त्यांची तीस वर्षं चोवीस ऑक्टोबरला भरत होती. माझी शिकवणी ठरली होती एकतीस ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे सगळं नीट बसत होतं. हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं, एक मी सोडून. त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरात चोवीस तारखेभोवती लाल गोल होता. मला वाटलं, वाढदिवस असेल.

दर गुरुवारी बाई राजमा घातलेली खिम्याची आमटी आणि दालचिनीचे गोड रोल घरून करून आणायच्या. इथल्या लोकांना शाळेपासून हे दोन्ही एकत्र खायची सवय आहे, आपल्याला चमत्कारिक वाटतं. सहा जणांचं टेबल वर्षानुवर्षं त्या जेवणाला जमायचं. मी आलो आणि ते टेबल मोडलं. ड्वेन नावाचा त्यांचा पंचवीस वर्षांपासूनचा कामातला सोबती होता. त्याची नोकरी वाचली होती आणि तोंडही सुटलं होतं. पहिल्या गुरुवारी बाईंनी माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढली, तेव्हा मला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "आज शेजारी खुर्ची दे, उद्या तुझं पानही त्यालाच वाढ, मार्लिस." त्या गुरुवारपासून बाई आमटीचं भांडं घेऊन एका टेबलावर एकट्या बसू लागल्या आणि मी दुसऱ्या टेबलावर माझी पोळीभाजी घेऊन एकटा. मध्ये चार रिकामी टेबलं. हाक मारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

शिकवणीची एक रीत होती. बाईंनी शिकवायचं, मी लिहून घ्यायचं, आणि अर्ध्यावर एकदा व शेवटी एकदा उलटी शिकवणी: मॅनेजरसमोर मी ते सगळं बाईंनाच समजावून सांगायचं. बाईंनी 'तयार आहे' म्हणून सही केली की त्यांचं काम संपलं, आणि नोकरीही. बाई फार सावकाश शिकवायच्या. एक नियम सांगायला सकाळ जायची, कारण तो नियम कुणासाठी केला, त्या माणसाची बायको कशी होती, इथपर्यंत गोष्ट जायची. मी मनात चरफडायचो. आमच्या पुण्याच्या कंपनीत मुदतीआधी काम उरकणं ही सगळ्यात मोठी शाबासकी होती. माझा व्हिसा जानेवारीत संपत होता आणि साहेब फोनवर म्हणाले होते, "हेरंब, तू लवकर आटप, मुदतवाढीचं मी बघतो."

मी शनिवार-रविवार कचेरीत बसून पुढचं सगळं स्वतःच वाचून काढलं. बाईंना सांगितलंही नाही, चकित करायचं होतं. तेवढा गाढवपणा माझ्यात होता.

एकोणतीस सप्टेंबरला सोमवारी, अर्ध्या कामाच्या उलट्या शिकवणीला बसलो होतो. मी अर्ध्यावर थांबलोच नाही. सगळं सांगितलं, पुराच्या दिवसांसकट. ब्रेंट नावाचा मॅनेजर खूश होऊन माझ्याकडे बघत राहिला. बाई हळूच म्हणाल्या, "महिनाअखेरची मोजणी त्याने अजून केलेली नाही. सप्टेंबरची मी करणार आहे, त्याची पाळी ऑक्टोबरच्या शेवटी."

आणि मी म्हणालो, "केली. काल चाचणीच्या कॉम्प्युटरवर करून बघितली. बरोबर आली."

ब्रेंटने डोळे वहीत घातले. त्यालाही तारीख माहीत होती, आणि मुदतीआधी संपलेलं काम वर दाखवायचंही होतं. त्याने विचारलं, "मार्लिस, तयार आहे का हा?"

बाई नाही म्हणाल्या असत्या तर कोण त्यांना खोटं पाडणार होतं? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो. तयार आहे." सही केली. शेवटचा दिवस ठरला तीन ऑक्टोबर.

लाल गोल कसला ते मला जिन्यात ड्वेनने सांगितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, त्याने नुसतं सांगितलं. मी धावत वर गेलो. सही मागे घ्या, मी चुका करून दाखवतो, असं काहीबाही बडबडलो. बाई खोक्यात पेन्सिली भरत होत्या.

"तू सगळं बरोबर सांगितलंस, बाळा," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे ते चुकलं कसं म्हणू?"

"पण तुम्ही मला आधी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू कमी शिकला असतास. लोकांच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे त्यात."

गुरुवारी त्यांनी नेहमीसारखं भांडं आणलं. त्या दिवशी मी न विचारता त्यांच्या समोर जाऊन बसलो. त्यांनी वाटीत आमटी वाढली आणि रोल त्यात बुडवून खायचा हे दाखवलं. मला ते आवडलं नाही, पण मी दोनदा घेतलं. कुणीही आमच्या टेबलाकडे फिरकलं नाही. शुक्रवारी दुपारी खोकं घेऊन बाई गेल्या. करडा स्वेटर खुर्चीवर तसाच राहिला. तो कुणी हलवायचा, हे कुणाला ठरवता येईना.

एकतीस ऑक्टोबरला महिनाअखेरची मोजणी मी एकट्याने केली. त्या महिन्यात नोकरी संपलेल्यांची यादी निघाली, त्यात हुक्स्ट्रा, मार्लिस. एकोणतीस वर्षं, अकरा महिने, नऊ दिवस. पुढे विम्याच्या रकान्यात: अपात्र. मी तीनदा मोजणी फिरवली. कुठेतरी चूक निघू दे म्हणून देवाला हात जोडले. एकही निघाली नाही. बाईंनी शिकवलंच तितकं चोख होतं. मग मला राहवेना, मी त्यांना घरी फोन लावला. यादी आली, एवढंच कसंबसं बोललो.

"पुराचे दिवस धरलेस ना?" त्यांनी विचारलं.

"धरले."

"मग बरोबर आहे, बाळा," मार्लिसबाई म्हणाल्या. "आता छापून टाक."