मानाचं बटण

करी रोडची मृणालिनी राणे दादरच्या एका रक्ततपासणी लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायची. मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी कामापुरती, तोंड मात्र कामापेक्षा थोडं जास्त. मॅनेजर हर्षवर्धनचं आणि तिचं गेल्या खंडेनवमीपासून बिनसलं होतं.

त्या दिवशी लॅबमधली यंत्रं बंद करून पूजतात आणि शेवटचं बटण मॅनेजरने दाबायचं, हा इथला मान. रिपोर्ट असायचे व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या दुसऱ्या मशीनवर. गेल्या वर्षी ते नीट बंद होईना, तशी हर्षवर्धनने धाडकन वीजच तोडली. रिपोर्ट बिघडले, कितीतरी माणसांना परत सुई टोचून घ्यावी लागली. ठपका मृणालिनीवर. "पुन्हा झालं तर घरी बसा," असं त्याने सगळ्यांदेखत सुनावलं.

त्या मशीनवर लिनक्स ही प्रणाली तिनेच घातली होती, अगदी किमान, बिनसामानाची. त्यात गेस्ट टूल्स नव्हती. ती असली, की मॅनेजरच्या स्क्रीनवरून, म्हणजे बाहेरून, दिलेला हुकूम आतल्या मशीनला ऐकू जातो. ती घालायला मशीन थोडा वेळ हातात द्या, असं ती वर्षभर मागत राहिली. ते मिळालं थेट आज, खंडेनवमीच्या सकाळी.

टूल्सची सीडी जोडली, पण दिसेना. हाताने माउंट केली, म्हणजे मशीनला ती ओळखायला लावली. मग टूल्स बसवणारा इन्स्टॉलर म्हणे, पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा हवी. या मशीनवर पर्लच नाही, आणि ते उतरवून घ्यायला इंटरनेटही नाही.

"मॅडम, मुहूर्त टळतोय," हर्षवर्धन मागून म्हणाला. "की देवाधर्माचं तुम्हाला वावडं?"

"देवाचं नाही. तुमच्या घाईचं आहे."

"आतून बंद करा ना मग!"

"करते की. पण मान तुम्हालाच हवाय ना?"

आरतीचं ताट धरलेली, लॅबची साफसफाई करणारी यशोदाबाई पुटपुटली, "अगं बायो, निरांजन विझतंय."

मृणालिनीने लिनक्सची मूळ सीडी जोडली. तिच्यात टूल्सचं लिनक्सवाल्यांचं स्वतःचं पॅकेज होतं, पर्लशिवाय चालणारं. ते बसलं. तरीही हर्षवर्धनच्या स्क्रीनवर तेच: टूल्स चालू नाहीत.

"बघा!" तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "वर्षभर हेच चाललंय." आणि पॉवर ऑफ करायला त्याचा हात माउसकडे गेला.

"हात लावू नका!" ती इतक्या जोरात ओरडली, की रिसेप्शनमधले पेशंटही वळले.

टूल्सची सेवा, म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्राम, बसवली तरी सुरू करायची राहिली होती. मनात गणपतीचं नाव घेत तिने ती सुरू केली. स्क्रीनवरची ओळ बदलली.

"आता दाबा. शटडाउन. पॉवर ऑफ नाही."

त्याने दाबलं. एकेक सेवा थांबत मशीन शांतपणे बंद झालं.

"एवढंसं काम! गेल्या वर्षीच करायला काय झालं होतं हिला?" हर्षवर्धन हसला.

"गेल्या वर्षी वीज तुम्ही तोडलीत. तेही सांगा की सगळ्यांना."

हर्षवर्धनने सर्व्हरला कुंकू लावलं, हार घातला आणि तीर्थाची पळी तिच्यापुढे केली. मृणालिनीने सर्व्हरला हात जोडले, वळली आणि यशोदाबाईपुढे तळहात धरला.

"तीर्थ तुम्ही द्या, बाई."