बाहेरून घेतलेलं माप

बाबांच्या जुन्या ट्रकची केबिन कुजली होती आणि बाबांची नजरही चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बाबांनी हट्ट धरला: पूर्ण अंधार व्हायच्या आत गाडी पुन्हा धडधाकट झालेली पाहायची. आमच्या मनीषनगरच्या चकाचक फ्लॅटवाल्यांच्या डोळ्यांत दारातली ती कुजकी गाडी आधीच खुपत होती; तीही तक्रार मिटणार, हा आणखी एक फायदा.

केबिन शोधायचं काम माझ्याकडे आलं. मिहानच्या आयटी कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या पोरीला जगातलं काहीही सापडतं, अशी घरच्यांची श्रद्धा. परदेशातले शौकीन म्हणे मॉडेल नंबर सांगतात आणि तंतोतंत केबिन घरी येते. आमच्या गाडीचा कंपनीने नुसता सांगाडा दिला होता. केबिन इथल्याच मिस्त्रीने सागवान आणि पत्र्याची बांधली, बाबांच्या ढेरीच्या मापाने. त्या मॉडेलची ढेरी आता कुठे मिळणार?

भंगारवाल्यांनी माझं स्वागतच केलं. "मॅडम, घरी कोणी माणूस नाही का?" एकाने काळजीने विचारलं. मीही माणूसच आहे म्हटल्यावर तो चहा सांगायला गेला. शेवटी वाडीच्या एका भंगारवाल्याने केबिन दाखवली. "आँख मूंद के घेऊन जा ताई, फिट बसते." मी डोळे मिटले नाहीत, टेप लावली. लांबी, रुंदी, उंची, सगळं आमच्या केबिनशी जुळलं.

ते माप मी खाली उभी राहून घेतलं होतं. केबिनमध्ये बाईमाणूस चढलं की गाडी घाटात रुसते, हे बाबांना ट्रक शिकवणाऱ्या उस्तादाचं थोर शास्त्र. आईने जन्मभर डबा खालूनच, हात उंच करून दिला. उस्ताद गेला, गाडी तर जागची हलत नव्हती, पण शास्त्र ठणठणीत होतं. पायरीवर पाय ठेवावा, हे मलाही सुचलं नाही.

क्रेनने नवी केबिन चढवली. बाहेरून अगदी देखणी बसली. आत गिअरचा दांडा थेट ड्रायव्हरच्या सीटला भिडला.

बाबांनी दांडा चाचपला. "आतून माप काहून नाही घेतलं वं पोरी?"

"मले आत कधी चढू देल्लं तुम्ही?"

बाबांनी दांडा सोडला आणि मिस्त्रीला हाक मारली. मला मात्र मनापासून बरं वाटलं.

मिस्त्रीने फळ्या कापून सीट सरकवली, त्यात दिवस गेला. संध्याकाळी बाबा आत बसले, स्टिअरिंगवर हात फिरवत राहिले. मग त्यांनी पलीकडचं दार ढकललं. खाली आई सवयीने डबा उंच धरून उभी होती.

"ये वं, बस इथं. काही होत नाही."

आईने हात खाली घेतले. "आता बोलावून राहिले तुम्ही? आता माहे गुडघे चढत नाहीत."

त्या उजेडात बाबांना तिचा चेहरा दिसत नव्हता. मला दिसत होता, आणि मला रडू आलं.