आईच्या कण्यांची धिरडी

लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, असं आमच्याकडे जुन्या लोकांत होतं. आता कोणी फारसं पाळत नाही. आमचे आबा पाळायचे. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत त्यांनी माझ्या सांगलीच्या घरात अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. साताऱ्याकडच्या आमच्या गावाहून यायचे, बसायचे, गप्पा मारायचे आणि ताटं मांडायच्या आत उठायचे. मला त्याचा मनस्वी राग यायचा. ते नको म्हणाले, की माझ्या रिकाम्या कुशीवर कोणी बोट ठेवतंय असं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीत झालं आणि पहिल्यांदाच त्यांना माझ्याकडे रात्र काढावी लागली. आईने जय्यत तयारी करून धाडलं होतं. ज्वारी भरडून शिजवलेल्या मऊ कण्यांचा मोठा डबा, तुपाची लहान बाटली, प्यायचं पाणीसुद्धा. रात्री आबांनी पलंगावर बसून त्यातल्या अर्ध्या कण्या खाल्ल्या. मी आत स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच आपटली.

सकाळी नवरा पहिल्या पाळीला गेला. फ्रिजमधल्या उरलेल्या कण्या थिजून त्यांचा गोळा झाला होता. गरम करून दिल्या असत्या तर पाच मिनिटांत भागलं असतं. पण माझ्या डोक्यात वेगळंच. कण्या आईच्या असू देत, म्हटलं, पण या माणसाच्या पोटात आज माझ्या हातचं काहीतरी गेलंच पाहिजे.

"आबा, थांबा जरा. ह्याच कण्यांची धिरडी घालते."

"तुझं काय नगं हं त्यात."

"न्हाई घालत. गॅस तेवढा माझा हाय. चालंल न्हवं?"

ते हसले आणि खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारातच बसले. एका डोळ्यावर पट्टी होती, पण पलटणीत हवालदार राहिलेला माणूस. उरलेल्या डोळ्याने माझ्या हातांवर पहारा चालू होता.

गोळा हाताने फोडला, त्यांच्याच बाटलीतलं पाणी घालून सैल केला, बिडाच्या तव्यावर तूप सोडून पहिलं धिरडं पसरलं. शिजलेल्या कण्या एकमेकींना धरून राहत नाहीत, मूठभर बेसन लागतंच, हे मला ठाऊक होतं. बेसनाचा डबा हाताशी होता. पण बेसन माझं. उलथणं घातलं आणि धिरड्याचा चुरा झाला. दुसरं तव्यालाच चिकटून बसलं. तवा खरवडला, आच कमी केली, तिसरं लहान घातलं. तेही मोडलं. मी हट्टाला पेटले होते.

वळून बघते तर आबांच्या कपाळावर घाम डवरलेला.

"आबा, इंजेक्शन घेतलं का तुमी?"

"साडेसातला."

मधुमेहाचं इंजेक्शन ते घड्याळ लावून घ्यायचे.

"आवं, मग लगीच खायाचं असतंय न्हवं?"

"तूच म्हणलीस, थांबा."

सव्वाआठ झाले होते. त्यांच्या पिशवीतलं रक्तातली साखर मोजायचं मशीन काढून बोट टोचलं. बावन्न, फारच कमी. आता कण्यांनी भागणार नव्हतं, लगेच साखर पोटात जायला हवी होती. मी डब्यातून चमचाभर साखर घेऊन त्यांच्या तोंडाशी नेली. त्यांनी ओठ मिटले.

"तुझ्या घरची हाय," ते दातांतून म्हणाले.

"येड्यावाणी करू नका."

त्यांनी मान फिरवली. साखर सदऱ्यावर सांडली. हात थरथरत होते, नजर माझ्यावर ठरत नव्हती. मी दुसरा चमचा भरला आणि माझा तोल गेला.

"माझ्या दारात मेलेलं चालंल, पर माझी साखर चालायची न्हाई? एवढी वंगाळ हाय का मी?"

"तसं न्हाई गं." त्यांची जीभ जड झाली होती. "मी ठरीवलंय. ह्या घरात नातवंडाच्या बारशालाच जेवायचं. आदी खाल्लं म्हंजी... मीच आशा सोडली, असं हुईल."

अकरा वर्षं मी ज्याला माझा अपमान समजत होते, ती त्यांची वाट बघण्याची रीत होती. आणि मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले होते.

फक्त मला आणि नवऱ्याला माहीत असलेली एक गोष्ट होती. दोन्हीकडच्या घरांपासून आम्ही ती लपवली होती. आई अजून नवस बोलत होती, म्हणून तर सांगायची हिंमतच होत नव्हती. मी खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसले, त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं.

"आबा, मला मूल हुणार न्हाई. डॉक्टरांनी दोन वर्सामागं सांगितलंय. आमी औषधपाणी बंद केलंय. आता वाट बघू नका. खावा."

त्या एका डोळ्याने ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं. एवढा वेळ मी त्याचसाठी जिवाचा आकांत करत होते. पण ते उघडलं तेव्हा मला वाटलं, उघडायला नको होतं. नाही म्हणायचं होतं त्यांनी, खोटं बोलतीस म्हणायचं होतं. मी साखर त्यांच्या जिभेवर ठेवली. दुसरा चमचा पाण्यात विरघळवून पाजला. तेही ते मुकाट्याने प्याले.

पंधरा मिनिटांनी मशीनवर अठ्ठ्याऐंशी आकडा आला. घाम ओसरला, हात स्थिर झाले. मी उठून उरलेल्या कण्यांत बेसन घातलं, कांदा घातला, मिरची घातली. त्यांच्यासमोरच घातलं. धिरडं अख्खं सुटून आलं. ताटलीत वाढून त्यांच्या हातात दिलं आणि तव्याकडे तोंड करून रडत रडत पुढचं घालत राहिले.

त्यांनी तीन धिरडी खाल्ली, शेवटचा घास नीट चावून गिळला आणि म्हणाले, "आईला मी सांगतो. तू न्हाई सांगायचं."