मंगळवारी न तुटणारी लाइन

सगुणा नाखवाला "नाही" म्हणायला कोणी शिकवलं नव्हतं. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात ती वाढली. वडील गोमाजी खाडीत मासेमारी करायचे. पुढे खाडीत मासा मिळेनासा झाला, तेव्हा होडी विकून ते एका कारखान्यात पहारेकरी झाले. आई आवडाबाई बाजारात बसायची. घरात चार भावंडं, आणि त्यात सगळ्यात जास्त तोंड सगुणाचं.

दहावी झाल्यावर तिने आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्तीसाठी अर्ज भरला. साल १९८६. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शिवणकामाला जागा आहे, बाळ. मुली तिकडेच जातात."

"शिवण मला येतं," सगुणा म्हणाली. "येतं तेच परत कशाला शिकू?"

कारकून हसला. मागे आवडाबाई रिकामी पाटी काखोटीला मारून उभी होती. ती पुढे झाली. "तिला काय पायजे ते लिव्हा ना, दादा. तुमचं काय जातंय?"

त्याने लिहिलं. त्या वर्गात एकवीस मुलगे होते आणि एक सगुणा.

कोर्स संपल्यावर तिने चार वर्षं नौपाड्यातल्या एका टीव्हीच्या दुकानात काम केलं. तिचा खरा अभ्यास तिथे झाला. लोकांची एकच तक्रार असायची: पडद्यावर मुंग्या येतात, आडव्या रेघा पळतात. मालक सरळ टीव्ही उघडायचा. सगुणा आधी विचारायची, "कधी येतात?" कुणाच्या शेजारी पिठाची गिरणी असायची, कुणाच्या खाली वेल्डिंगवाला, आणि एका घरात तर सासूबाईंचा मिक्सरच. टीव्ही बिचारा ठणठणीत असायचा. बिघाड बाहेर असतो आणि मार आत बसतो, हे तिने त्या चार वर्षांत इतक्या वेळा पाहिलं की पुढे कुणी एखाद्या यंत्राला किंवा माणसाला नावं ठेवली, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: कधी?

१९९२मध्ये तिला डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत देखभाल विभागात नोकरी लागली. दोन वर्षांनी कंपनीत कॉम्प्युटर आले. ते एकमेकांना जोडायचे होते. बाहेरून आलेला माणूस आठ दिवसांत कंटाळून गेला आणि ते काम सगुणाने पूर्ण केलं. त्या काळी एकच काळी केबल एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे फिरत जायची, आणि मधला एक सांधा ढिला झाला की सगळं ऑफिस बंद पडायचं. सगुणाने एकेक सांधा स्वतः बसवला होता. साहेब लोक गमतीने म्हणत, "कोळ्याची पोर, जाळं विणणारच!"

"जाळं माझे वडील विणायचे, सर," ती म्हणायची. "ही केबल आहे. हिला केबलच म्हणा."

चेष्टा हळूहळू बंद झाली.

१९९८च्या सुरुवातीला पेठे साहेब मॅनेजर म्हणून आले. हुशार माणूस, पण नव्या गोष्टीचा भारी सोस. कंपनीचं गोदाम मुख्य इमारतीसमोर, आवारातल्याच रस्त्यापलीकडे होतं. तिथला डिस्पॅच क्लार्क देवराम अजून वहीवर काम करायचा. देवराम राहायला मोहन्याला. वय पन्नाशीचं, वीस वर्षांत एक खाडा नाही. पेठे साहेबांनी गोदामात कॉम्प्युटर द्यायचं ठरवलं. सगुणा म्हणाली, "केबल टाकते." साहेब म्हणाले, "केबल कशाला? वायरलेस लावू." परवान्याचे सोपस्कार उरकून सिंगापूरहून दोन वायरलेस कार्डं आणि दोन छोटे अँटेना मागवले गेले. एक अँटेना गोदामावर लागला, दुसरा समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या खिडकीला. चेअरमन आले, नारळ फुटला, पेढे वाटले गेले.

देवरामने पन्नाशीत दोन बोटांनी टाइप करायला शिकून घेतलं. कोणत्या ट्रकमध्ये कोणते डबे चढले, ते तो गोदामातून टाकायचा आणि नोंद समोरच्या मुख्य कॉम्प्युटरमध्ये जायची. सकाळी सगळं छान चालायचं. दुपारी मात्र मध्येच पडदा गोठायचा. अर्धी नोंद जायची, अर्धी अडकायची. देवराम पुन्हा टाकायचा, तर तीच दोनदा उमटायची. असं महिनाभर चाललं. शेवटी जूनमध्ये नाशिकला जायचा माल सुरतेला गेला आणि सुरतेचा नाशिकला. दोन्हीकडून फोन आले. पेठे साहेबांनी देवरामला कामावरून घरी बसवलं आणि चौकशी लावली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगुणाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. "यंत्रणेत कोणताही दोष नाही. नोंदींतील चुका दुपारच्या जेवणानंतर चालकाच्या सुस्तीमुळे होतात." खाली तिचं नाव आणि सहीसाठी जागा.

"हे मी लिहिलेलं नाही," सगुणा म्हणाली.

"मी लिहिलंय. तुम्ही फक्त सही करा. टेक्निकल माणसाची सही लागते."

"मी तपासल्याशिवाय सही करणार नाही."

"मिस नाखवा, सकाळी लाइन चालते. संध्याकाळी चालते. फक्त जेवणाच्या वेळेला बंद पडते. याचा अर्थ काय होतो?"

"तोच बघायचाय, सर."

"आणि मी आत्ता सही करा म्हटलं तर?"

"तर मी नाही म्हणेन." आपला आवाज चढलाय हे तिला कळत होतं, आणि तो उतरवायची तिला इच्छा नव्हती. "सुस्ती मोजायचं मीटर माझ्याकडे नाही. लाइन मोजायचं आहे. चार दिवस द्या."

साहेबांनी चार दिवस दिले. त्यांना वाटलं असेल, चार दिवसांत ही नरमेल.

सगुणा देवरामच्या खुर्चीवर जाऊन बसली. त्या कार्डाबरोबर एक प्रोग्राम आला होता, त्यात सिग्नल किती जोरात येतोय ते हिरव्या पट्टीने दिसायचं. तिने वही उघडली आणि दर पाच मिनिटांनी पट्टीची लांबी लिहायला सुरुवात केली. सोमवारी एक वाजून पाच मिनिटांनी पट्टी खाली आली. वर गेली, पुन्हा खाली आली. पावणेदोनला पूर्ववत. मंगळवारी ती तशीच वाट पाहत बसली, पण पट्टी दिवसभर हलली नाही. बुधवारी पुन्हा सोमवारसारखंच.

तिने देवरामच्या जुन्या वह्या काढल्या. त्याने कुणी न सांगता प्रत्येक तुटलेली नोंद तारखेसह लिहून ठेवली होती. चौतीस नोंदी. एकही मंगळवारची नाही.

संध्याकाळी ती मोहन्याला त्याच्या घरी गेली. देवराम दारातच बसला होता. त्याची बायको जाईबाई आतून पाणी घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"देवरामभाऊ, तुम्ही मंगळवारी जेवत नाही का?" सगुणाने विचारलं.

"मी कुठल्याच दिवशी एक वाजता जेवत नाही, मॅडम. ट्रक तेव्हाच लागतात. तीनला डबा खातो. साहेबांना सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय. ऐकलं नाही."

जाईबाई म्हणाली, "वीस वर्षं वही लिहिली, एक खाडाखोड नाही. आता म्हणतात झोपतो. झोपणाऱ्या माणसाचं अक्षर असं असतं का?"

परतताना बसमध्ये सगुणा एकाच गोष्टीचा विचार करत होती: कंपनीत मंगळवारी काय नसतं? मग तिला आठवलं, मंगळवारी सगळे मोठे साहेब ठाण्याच्या ऑफिसात मीटिंगला जातात. जेवतातही तिकडेच.

गुरुवारी सकाळी ती पहिल्या मजल्यावर गेली. खिडकीतला अँटेना ज्या खोलीला लागून होता, ती साहेबांची जेवणाची खोली. बाकीच्यांना तिथे मज्जाव होता. साहेबांचं वाढायचं काम गंगुबाई करायच्या. सगुणाने त्यांना विचारलं, "मावशी, जेवण गरम कशावर करता?"

"ही काय पेटी." खिडकीच्या फळीवर नवाकोरा मायक्रोवेव्ह होता. पेठे साहेबांनीच आणवलेला. पाठीमागे पातळ प्लायवूड आणि प्लायवूडच्या पलीकडे, हातभर अंतरावर, अँटेना.

सगुणाला हसू आलं आणि रागही आला. तिने कार्डाचं पुस्तक पुन्हा वाचलं, मग पेटीमागची माहितीची पाटी वाचली. दोघांच्या फ्रीक्वेन्सीचे आकडे जवळजवळ एकच. म्हणजे दोघंही एकाच लहरींवर बोलत होते, आणि पेटी फार मोठ्याने बोलत होती.

तिने पेठे साहेबांना गोदामात बोलावलं. ते आले, बरोबर दोन अधिकारीही आले. सकाळचे अकरा वाजले होते. सगुणाने त्यांना पडद्यासमोर बसवलं आणि इंटरकॉम उचलला. "मावशी, पेलाभर पाणी ठेवा आणि पेटी लावा."

हिरवी पट्टी कोसळली. पडदा गोठला.

"बंद करा."

पट्टी वर आली.

"योगायोग," पेठे साहेब म्हणाले.

"तुम्ही सांगा मावशींना. तुम्ही म्हणाल तेव्हा लावतील." तिने इंटरकॉम त्यांच्या हातात दिला. साहेबांनी एकदा लावायला सांगितलं. थांबले. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. अधिकाऱ्यांपैकी एकाला खोकला आला.

आता साहेबांनी पेटी हलवली असती तर प्रश्न तिथेच संपला असता. पण त्या खोलीत दुसरीकडे प्लग नव्हता, आणि चेअरमनच्या हस्ते लागलेला अँटेना काढायला साहेब तयार नव्हते. "बघू नंतर," ते म्हणाले.

"नंतर नाही, सर. माणूस घरी बसलाय." सगुणा म्हणाली, "मी केबल टाकते. रस्त्याखालून पाण्याचा जुना कोरडा पाइप जातो. त्यातून ओढते."

"टाका. पण वायरलेस कार्डाला हात लावायचा नाही."

तिने दोन दिवसांत केबल ओढली. पाइपात बांबूच्या कामट्या सरकवल्या, त्यांना दोरी बांधली आणि दोरीला केबल. गोदामातले हमाल रघु आणि जगन पलीकडून खेचत होते. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून सगुणा इकडून ढकलत होती. गोदामाच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं कार्ड बसवून तिने सांधा जोडला, मीटर लावून पाहिलं. केबल उत्तम होती.

सोमवारी एक वाजून दहा मिनिटांनी पडदा पुन्हा गोठला.

पेठे साहेब स्वतः चालत आले. चेहऱ्यावर समाधान लपत नव्हतं. "आता? आता तर तुमची केबल आहे. काढू तो कागद?"

सगुणाचे कान तापले. गोदामातले सगळे तिच्याकडे बघत होते. क्षणभर तिलाही वाटलं, आपण चुकलो. पण नौपाड्यातली सवय कामी आली. बंद झालं ते एकच्या सुमाराला, म्हणजे जुन्याच वेळेला. केबलला पेटीचं काय देणंघेणं? तेव्हा नोंद केबलने जातच नसणार.

"कागद खिशात ठेवा, सर," ती म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

आता त्या कॉम्प्युटरच्या डब्यात दोन वाटा होत्या. वायरलेस आधी बसलेली, म्हणून पहिला मान तिचाच. चांगली केबल शेजारी असतानाही तो डबा प्रत्येक नोंद जुन्या वाटेनेच पाठवत होता. सगुणाने सेटिंग उघडली, केबलच्या कार्डाला पहिला क्रमांक दिला, वायरलेसला दुसरा, आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मग इंटरकॉम उचलला. "मावशी, पेटी लावा. दहा मिनिटं चालू द्या."

ती नोंदी टाकत राहिली. एक, दोन, पंधरा, वीस. हिरवी पट्टी तळाला गेलेली होती आणि नोंदी मात्र पटापट पलीकडे पोचत होत्या.

"कार्डाला हात लावलेला नाही," ती साहेबांना म्हणाली. "फक्त रांगेत मागे उभं केलंय."

अहवाल तिने स्वतः हाताने लिहिला, पानभर. साहेबांनी शेवटचं वाक्य काढायला सांगितलं. ते वाक्य असं होतं: "यात देवराम यांची कोणतीही चूक नव्हती." साहेब म्हणाले, "तांत्रिक कारण लिहा की झालं. नाव कशाला?"

"आरोप नावानिशी झाला, सर. मग हेही नावानिशीच."

वाक्य राहिलं. देवराम आठ दिवसांनी कामावर आला, आणि घरी बसलेले दिवस हजेरीत धरले गेले. पेठे साहेबांनी त्याची माफी मागितली नाही. सगुणाची बढती मात्र त्या वर्षी अडली. कारण लेखी द्या म्हणून तिने तीन अर्ज केले. उत्तर आलं नाही. चौथा अर्ज राजीनाम्याचा होता.

तिचा शेवटचा दिवस होता तेव्हा देवराम भेटायला आला. "मॅडम, माझ्यापायी तुमची नोकरी गेली."

"गेली नाही, मी सोडली. आणि तुमच्यापायी नाही. मला खोटं लिहायला सांगितलं म्हणून."

देवराम थोडा खट्टू झाला. त्याला बहुधा वेगळं काही ऐकायचं होतं. मग म्हणाला, "ते पण ठीकच आहे."

१९९९च्या पावसाळ्यानंतर कल्याणच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची प्रयोगशाळा सुरू झाली, तिथे सगुणा लागली. मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं, आधीच्या ठिकाणी वाद झाला होता असं ऐकतो, खरं का?

"खरं आहे," ती म्हणाली. "सविस्तर सांगू?"